एनएसएसचे १२० तास भरले, पण सहभाग मोजायचा कसा?

रानजाई

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावी एका कॉलेजात भूगोल शिकवते आणि काही वर्षांपासून राष्ट्रीय सेवा योजनेची (एनएसएस) कार्यक्रम अधिकारी आहे. म्हणजे तास संपले की शंभर पोरापोरींचं युनिट सांभाळायचं. सध्या वार्षिक अहवाल भरतेय आणि डोकं उठलंय, म्हणून हा धागा.

अहवालातले रकाने असे: स्वयंसेवक किती, त्यात मुली किती, रोपं किती लावली, रक्ताच्या पिशव्या किती, रॅली किती काढल्या, शिबिराला किती आले, फोटो जोडा. सगळे रकाने भरले. भरून झाल्यावर कागद पुन्हा वाचला, तर दत्तक गावाचं, म्हणजे आमचं युनिट जिथे काम करतं त्या गावाचं, नाव सोडून त्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. गावकऱ्यांना आमचा काही उपयोग झाला का, पोरांनी स्वतःहून काही ठरवलं का, हे विचारायला रकानाच नाही.

ज्यांचा एनएसएसशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. योजना २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली. गांधीजींच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं. सुरुवातीला ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी होते. नियम असा: वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर. तेवढं झालं की प्रमाणपत्र. त्या १२० तासांची फोडही ठरलेली आहे. २० तास ओळख-प्रशिक्षण, ३० तास कॉलेजच्या आवारातलं काम आणि ७० तास प्रत्यक्ष समाजात. आमच्याकडे वरून दहा गुणही मिळतात. आता नव्या शैक्षणिक धोरणात एनएसएस श्रेयांकात (क्रेडिटमध्ये) आलंय, त्यामुळे गर्दी आणखी वाढणार.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. गुणांचं आमिष बाजूला ठेवलं तर मुलं कशाने येतात? आणि आली तर त्यांचा सहभाग कशात मोजायचा? "मोजूच नका" हे उत्तर चालणार नाही, मला कागद द्यावाच लागतो.

---

जुनाट_खोड

मोजूच नका. :)

गंमत सोडा. आम्ही तरुणपणी सोमनाथला बाबा आमट्यांच्या श्रमसंस्कार छावणीत गेलेलो. मे महिन्यातलं चंद्रपूरचं ऊन. प्रमाणपत्राचा तर प्रश्नच नव्हता, जायचा खर्चही आपलाच. तरी देशभरातून पोरं यायची. का यायची? सकाळी कुदळ आणि दुपारी वाद, अशी ती सोय होती. घरी कोणी आमचं मत विचारत नव्हतं, तिथे मोठी माणसं आमच्याशी हमरीतुमरीवर येऊन भांडायची. तुमच्या "मुलं कशाने येतात" याचं माझ्यापुरतं उत्तर एवढंच.

आता ज्या क्षणी तुम्ही रकाना काढता, त्या क्षणी पोरगं रकान्यासाठी काम करतं. राज्यात वृक्षलागवडीचं उद्दिष्ट २०१७ ला ४ कोटी होतं, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी. आकडा फुगत गेला, कारण मोजलं जात होतं ते लावलेलं रोप. जगलेलं झाड मोजायचं म्हटलं असतं तर एवढी उडी कोणी मारली नसती.

---

गंपूशेठ

आमच्या कॉलेजात खड्डे तेच असायचे. दरवर्षी फक्त पाहुणे आणि रोप बदलायचं. खड्ड्यांनाच प्रमाणपत्र द्यायला हवं, सेवेत सर्वांत ज्येष्ठ तेच.

---

टिंब

रानजाई, धागा आवडला. मी आकडेवारीच्या धंद्यातला माणूस, त्यामुळे खोडसाहेबांशी अर्धाच सहमत. रकान्याने माणूस बिघडतो हे खरं, पण रकाना नसेल तर काम दिसतच नाही आणि जे दिसत नाही त्याला पैसेही मिळत नाहीत.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये स्वयंसेवा मोजण्याची एक पुस्तिका काढली. त्यातल्या तीन गोष्टी तुम्हाला उपयोगी पडतील. एक, विचारताना "गेल्या चार आठवड्यांत काय केलंत" असं विचारा. नोकरीबद्दल आठवड्याचं विचारतात, पण असं काम माणूस रोज करत नाही. आणि वर्षाचं विचारलं तर कोणाला आठवत नाही. दोन, "तुम्ही स्वयंसेवक आहात का" असं विचारू नका. शेजारच्या आजीला दवाखान्यात नेणारा पोरगा स्वतःला स्वयंसेवक समजतच नाही, तो "नाही" म्हणून मोकळा होतो. कामाचं विचारा. तीन, संस्थेमार्फत केलेलं आणि परस्पर केलेलं, दोन्ही धरा.

आता गोची. २०१३ साली श्रम-सांख्यिकीतज्ज्ञांच्या परिषदेने जी व्याख्या पक्की केली, तिच्यात काम बिनपगारी हवं, दुसऱ्यांसाठी हवं आणि सक्तीचं नको. शिक्षणाचा भाग म्हणून जे करावंच लागतं ते त्यात बसत नाही. म्हणजे उद्या श्रेयांक सक्तीचे झाले तर तुमचे १२० तास आकडेशास्त्राच्या लेखी स्वयंसेवा राहणार नाहीत. तो अभ्यास ठरेल.

आपल्याकडचा आकडाही बघून घ्या. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी स्वयंसेवा, शिकाऊ म्हणून केलेलं काम वगैरे मिळून जो गट होता, त्यात दिवसभरात वेळ घालवणारे निघाले २.४ टक्के. आणि गप्पाटप्पा, सामाजिक-धार्मिक कार्यक्रम या गटात ९१ टक्क्यांच्या वर. दहीहंडीचा मनोरा लावणारी पोरं, महाप्रसाद वाढणारी मंडळी यातल्या कुठल्या गटात गेली असतील याचा विचार करा, मग २.४ वर किती विश्वास ठेवायचा ते ठरवा.

---

रंकाळ्याचा_वारा

टिंब यांच्या शेवटच्या परिच्छेदाला शंभर टक्के अनुमोदन.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला तेव्हा आमच्या पेठेतली तालीम मंडळाची पोरं पहिल्या रात्रीपासून पाण्यात होती. वर्षभर ज्यांच्या नावानं लोक बोटं मोडतात तीच. फुटबॉलवरनं राडा घालणारी, मिरवणुकीत डॉल्बी लावणारी. कुठल्या गल्लीत म्हातारं माणूस एकटं राहतं, कुणाची म्हैस माडीवर चढवलीय, कुठल्या घरात बाळंतीण आहे, ही यादी त्यांच्या डोक्यात होती. कुठल्या पोर्टलवर त्यांची नोंदणी नव्हती. पाणी उतरल्यावर गाड्याच्या गाड्या भरून कपडे आले बाहेरून, ते कोणाला पाहिजेत न् कोणाला नकोत हे पण त्यांनाच ठाऊक.

त्यातल्या एकाचाही एक तास कुठे मोजला गेलेला नाही. त्यांना त्याचं सोयरसुतक पण नाही म्हणा. पण मग पेपरात "आजचा तरुण समाजापासून तुटलाय" असलं काही वाचलं की टाळकं सरकतं.

---

एफवायची_पोरगी

मी धाग्यातली बहुतेक एकटीच असेन जी सध्या एनएसएसमध्ये आहे. (रानजाई मॅडम, मी तुमच्या कॉलेजची नाही, घाबरू नका.)

खरं सांगू का, पहिल्या वर्षी आम्ही सगळ्या गुणांसाठीच आलो. त्यात लाजायचं काय आहे? दहा गुणांनी एखाद्याचा विषय सुटतो. प्रश्न नंतरचा आहे. डायरीत आम्ही लिहितो "श्रमदान, २ तास" आणि सरांची सही. त्या दोन तासांत काय झालेलं असतं सांगते. पाऊण तास पाहुण्यांची वाट. मग बॅनर धरून फोटो. बॅनर सरळ आला नाही म्हणून पुन्हा फोटो. मग सत्कार, नारळ, मनोगत. शेवटी वीस-पंचवीस मिनिटं झाडू. झाडूसुद्धा सगळ्यांना पुरत नाहीत, म्हणून मुलं उभी राहतात आणि मुली झाडतात.

पण त्याच वर्षी शिबिरात आम्हाला घरोघरी जाऊन शोषखड्ड्यांची (सांडपाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्यांची) पाहणी करायला सांगितलं. कागदावर गावात सगळीकडे शोषखड्डे होते. आम्ही चार जणी निघालो. एका घरी खड्डा होता पण नळाचं पाणी त्यात जातच नव्हतं, पाइप वीतभर अलीकडेच संपलेला. एकीकडे त्यावर चूल मांडलेली. एका काकूंनी सरळ सांगितलं की खड्डा गाळानं भरलाय, वरचा माठ काढून साफ करायचा असतो हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. आम्ही कोऱ्या कागदावर गल्लीचा नकाशा काढला, चालू खड्डे निळे, बंद लाल. लालच जास्त. संध्याकाळच्या सत्रात सरपंचांसमोर तो नकाशा लावला तेव्हा आधी ते चिडले, मग म्हणाले की उद्या माझ्याबरोबर चला.

त्या दिवसाचे डायरीत किती तास आहेत? "सर्वेक्षण, २ तास."

---

टिंब

@एफवायची_पोरगी, तुमचा प्रतिसाद या धाग्याचा ऐवज आहे.

यालाच धरून. १९९२ मध्ये रॉजर हार्ट यांनी युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची एक शिडी मांडली. आठ पायऱ्यांची. खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. मुलांचा वापर करून घेणं, मुलांना शोभेला उभं करणं आणि नावापुरतं बोलायला लावणं. बॅनर धरणं म्हणजे पायरी क्रमांक दोन. वरच्या पायरीवर मुलं स्वतः सुरुवात करतात आणि मोठ्यांना निर्णयात बरोबर घेतात. तुमचा नकाशा बराच वर पोचला. पाहणी करा हे तुम्हाला सांगितलं गेलं, पण काय दाखवायचं ते तुम्ही ठरवलं.

---

मेपल_आणि_मोदक

टोरांटोहून लिहितेय. इथे ऑन्टारियोत बारावीचा डिप्लोमा हवा असेल तर ४० तास समाजसेवा करावीच लागते, १९९९ पासून. सगळ्यांना. त्यामुळे माझ्या लेकीच्या बरोबरीची सगळी मराठी मुलं मंडळाच्या गणपतीत हजर! खुर्च्या लावणं, चपला सांभाळणं, वरणभात वाढणं. मग आमच्या कार्यकारिणीतल्या कोणालातरी फॉर्मवर सही मागायची.

सुरुवातीला मला हे फार कृत्रिम वाटायचं. अजूनही थोडं वाटतंच, कारण बरीच मुलं चाळीस झाले की गायब होतात. पण एक नियम मला आवडतो. जे काम एरवी पगारी माणूस करतो ते विद्यार्थ्याकडून करून घेऊन तास द्यायचे नाहीत. तुमच्याकडे असा काही नियम आहे का? कारण कॉलेजचं मैदान साफ करून घेणं, कार्यक्रमाला खुर्च्या लावून घेणं याला मी तरी सेवा म्हणणार नाही. ती कॉलेजची बचत आहे.

अवांतर: चाळीस तासांनंतरही जी मुलं मंडळात टिकली, ती सगळी "तुम्ही नाटक बसवा, आम्ही लुडबुड करणार नाही" असं सांगितलेली. खुर्च्यांवाली एकही नाही.

---

रानजाई

@मेपल, टोचलं. ते ३० तास "आवारातलं काम" याच वाटेने जातात, सगळीकडेच.

@एफवायची_पोरगी, झाडूचं वाचून हसले आणि मग हसू गेलं. मुलींचा विषय निघालाच आहे तर सांगते. माझ्या युनिटमध्ये मुली निम्म्याहून जास्त, पण निवासी शिबिराला निघताना गळती सुरू होते. घरून रात्री राहायची परवानगी नसते. शिवाय सकाळी भावंडांचा डबा आणि संध्याकाळचा स्वयंपाक त्यांच्यावर. घरातलं हे काम कुठल्याच व्याख्येत स्वयंसेवा नाही, पण त्यातच तिचा दिवस जातो. शिबिर नाही म्हणून प्रमाणपत्र नाही. त्यामुळे "सक्रिय विद्यार्थी" म्हणून जे वर येतात ते बहुधा मोकळा वेळ असलेले येतात. मोजताना हे विसरलं तर आपण मुलांची फुरसत मोजून बसू.

---

माणदेशी

उशिरा आलो धाग्यावर. मी शेतकरी माणूस, पण मोजमापाचा विषय निघाला म्हणून लिहितो.

पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा, म्हणजे गावागावांतली पाणी अडवायच्या कामाची स्पर्धा, २०१६ ला सुरू झाली तेव्हा तीनच तालुके होते, वरूड, अंबाजोगाई आणि आमच्या जिल्ह्यातला कोरेगाव. पहिला नंबर आला कोरेगावातल्या वेळूचा, ५० लाखांचं बक्षीस. पुढं ३० तालुके, मग ७५. आमच्याकडं पण लोण आलं. आता हिथं सगळं मोजूनच होतं बघा. चर किती खोल, किती लांब, किती घनमीटर माती निघाली. गुण होते, परीक्षक होते. खोडसाहेब म्हणतात तसं लोक रकान्यासाठी खणत होते का? थोडंफार होय. शेजारच्या गावाच्या पुढं जायची ईर्षा होतीच.

पण फरक सांगतो. पहिलं म्हणजे मोजायला आधी आम्हालाच शिकवलं. गावातली पोरं-पोरी चार दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आली आणि डोंगरावर समपातळी रेषा त्यांनी आखली, हायड्रोमार्कर (पाण्याच्या नळीनं पातळी दाखवणारं साधन) धरून. आयुष्य शिवारात गेलेल्या म्हाताऱ्यांना विशीतली पोरगी सांगत होती, आबा हिथं नगं, वीतभर वर घ्या. आबा ऐकत होते. दुसरं, मोजलं ते कामाचं माप, माणसाची हजेरी नव्हे. आणि तिसरं, खरा निकाल पावसानं दिला. चुकीचा चर पहिल्याच वळवात फुटला, तिथं परीक्षकाची गरजच लागली नाही.

वाईट पण सांगतो. स्पर्धा संपल्यावर गाळ काढायला तेवढी माणसं आली नाहीत. त्याला गुण नव्हते.

---

जुनाट_खोड

माणदेशींनी माझाच मुद्दा मांडला आणि खोडलाही. बरं झालं.

पूर्वी इर्जिक असायची. एखाद्याची नांगरट अडली की आसपासचे आपापली औतं घेऊन यायचे, दिवसभरात रान उलथून द्यायचे, रात्री त्याच्याकडे जेवण. त्यातही हिशेब होताच. कोण आला नाही हे गाव पक्कं लक्षात ठेवायचं, आणि त्याच्या पाळीला ते कळायचं. हिशेब ज्यांच्यासाठी काम झालं त्यांच्याकडे असायचा. तुमचा हिशेब विद्यापीठाकडे जातो, गोम तिथे आहे.

तेव्हा माझं "मोजूच नका" मागे. मोजा, पण वही गावाकडे द्या.

---

गंपूशेठ

खोडांनी मत बदललं! धागा वाचनखुणेत साठवून ठेवतो, पुरावा म्हणून.

---

रानजाई

मंडळी, तुमच्या प्रतिसादांवरून एक कच्चा आराखडा केलाय. चिरफाड करा.

विद्यापीठाचे रकाने आहेत तसे भरायचे, त्यातून सुटका नाही. त्याशिवाय युनिटची वेगळी वही. प्रत्येक कामापुढे तास लिहायचेच नाहीत, त्याऐवजी हे लिहायचं. हे काम करायचं कोणी सुचवलं, गावाने, पोरांनी की मी? त्यात कोणता निर्णय पोरांनी घेतला, आणि तो कोणाला पटला नाही? काम पुढे कोणाच्या ताब्यात दिलं, नावानिशी. मग पुढच्या वर्षीच्या युनिटने पहिल्या महिन्यात जाऊन तेच काम बघायचं आणि त्याच पानावर खाली लिहायचं. वनराई बंधाऱ्याची पोती टिकली का, रोपं किती जगली, शोषखड्डा वाहतोय का. दुसऱ्या वर्षाच्या पोरांनी आपलंच काम तपासायचं नाही, नवीन आलेल्यांनी तपासायचं.

घरची परवानगी नसलेल्या मुलींसाठी त्यांच्या स्वतःच्या वाडी-वस्तीवरचं काम धरायचं. शिबिराची अट माझ्या हातात नाही, पण वहीत तरी त्या दिसतील.

---

टिंब

चांगलं आहे. एक धोका: "कोणी सुचवलं" या रकान्यात सगळीकडे "विद्यार्थ्यांनी" असं येईल. तुम्ही वाचणार हे पोरांना माहीत आहे. म्हणून तो रकाना गावातल्या माणसाने भरायचा, अंगणवाडी ताई, आशा ताई, कोणीही. आणि काही पानं अपयशाची असलीच पाहिजेत. वर्षभरात एकही काम फसलं नाही असं वहीत दिसलं तर मी ती वही मानणार नाही.

सगळ्या युनिट्सची बेरीज करून तुलनाही करू नका. तुलनेला लागली की ही वहीसुद्धा बॅनर धरेल.

---

एफवायची_पोरगी

वही आमच्याकडे राहू दे ना मॅडम. म्हणजे तुमच्या पोरांकडे. कपाटात कुलूपबंद झाली तर ती पण डायरीच.

आणि एक. काम काय करायचं ते शिबिराच्या आदल्या आठवड्यात कळतं आम्हाला. तेव्हा ठरवायला उरतं काय? मेनू?

---

माणदेशी

ह्यावर उपाय आहे. शिबिरं बहुतेक डिसेंबर-जानेवारीत असतात. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय ठेवा. ग्रामसेवकाला आधी लेखी द्या, म्हणजे विषयपत्रिकेवर येतो. दत्तक गावातली जी पोरं तुमच्या कॉलेजात आहेत त्यांनी उभं राहून मांडायचं, बाकीच्यांनी मागं बसायचं. आणि २६ जानेवारीच्या सभेत काय झालं ते त्यांनीच सांगायचं. गावापुढं सांगायचं म्हटल्यावर कोण फेकाफेक करत नाही, लगेच कोणतरी उठून विचारतं.

फक्त मतदार यादीत नाव असेल तरच तो ग्रामसभेचा सदस्य. आमच्याकडं कॉलेजच्या पोरांची नावंच नसतात यादीत.

---

रानजाई

आजच वर्गात विचारलं. दत्तक गावातल्या माझ्या मुलांपैकी अठरा पूर्ण झालेल्या बऱ्याच जणांची नावं नाहीत. एकाला वाटत होतं की निवडणूक जाहीर झाल्यावरच नोंदणी होते.

---

टिंब

मतदार नोंदणीचा अर्ज म्हणजे नमुना ६. आता वर्षात चार अर्हता तारखा आहेत (त्या तारखेला अठरा पूर्ण हवीत), १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो. १ ऑक्टोबरच्या आत अठरा पूर्ण होणाऱ्यांचे अर्ज आत्ताच भरून घ्या. २ तारखेच्या सभेपर्यंत नाव यादीत चढेलच असं नाही, पण जानेवारीच्या सभेला चढलेलं असेल.

---

रानजाई

उद्या बीएलओंना (मतदार यादीचं काम बघणाऱ्यांना) कॉलेजवर बोलावते. @एफवायची_पोरगी, तुझं नाव आहे का यादीत?

---

एफवायची_पोरगी

...नाही. भरते.